थॉमसिनला घातलेले मुसके

मित्रांनो, मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसके बांधतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. मीही एक मुसकेच आहे. पण मी दोरीचे नाही, लोखंडाचे आहे, आणि मला बैलासाठी घडवलेले नाही. मला बाईच्या तोंडासाठी घडवले. त्याला आता चारशे वर्षे झाली. जगात वस्तू पुष्कळ असतात आणि प्रत्येकीला आपल्या कामाचा थोडाफार अभिमान असतो. परातीला असतो, कुदळीला असतो. मला माझ्या कामाची पहिल्या दिवसापासून किळस आली आणि ती अजून गेलेली नाही.

माझा जन्म एल्डरबेक नावाच्या बाजारगावात झाला. इंग्लंडच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या मुलखात. गावचा लोहार गर्व्हेस होल्ट हा तसा भला माणूस. घोड्याला नाल ठोकताना आधी त्याच्या मानेवर हात फिरवायचा. एके दिवशी गावच्या पंचांकडून त्याला निरोप आला, की शेजारच्या गावात भांडकुदळ बायकांसाठी लोखंडी मुसके केले आहे, तसेच आपल्यालाही हवे. होल्टने जुन्या पिंपाच्या पट्ट्या भट्टीत घातल्या. डोक्याभोवती बसेल असा पिंजरा, मागे कुलूप, आणि पुढच्या पट्टीला आतल्या बाजूने दोन बोटे रुंदीची एक लोखंडी पट्टी, जी घालणारीच्या जिभेवर दाबून बसावी. एवढे झाल्यावर त्याला प्रश्न पडला, की माप कुणाचे घ्यायचे? त्याने बायकोला हाक मारली.

"एलन, जरा ये इकडं. या स्टुलावर बस."

"आता काय आणि?"

"डोक्याचं माप हवंय."

एलन हात पुशीत आली आणि बसली. "लोखंडाची टोपी करतोयस की काय मला? बरं होईल, छप्पर गळतंय."

होल्ट हसला नाही. त्याने दोरी तिच्या कपाळावरून घेतली, कानावरून घेतली, आणि मग ओठांवरून. दोरी ओठांवर आली तशी एलनने ऐरणीवर पडलेल्या माझ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले. ती उठली नाही. माप पुरे होईपर्यंत बसून राहिली. पण त्यानंतर नवऱ्याची भाकरी ती भट्टीच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची, आत पाऊल टाकायची नाही.

मला नगरभवनातल्या खुंटीवर टांगले. माझ्या वाट्याला आलेली पहिली बाई म्हणजे मार्जरी पूल. ती नदीतले मासे विकायची. गावचा शिपाई तिच्या टोपलीतले मासे रोज उचलून न्यायचा आणि वर तिलाच दम द्यायचा. एक दिवस तिने त्याला भर बाजारात चोर म्हटले. खरे तर सारा बाजार तेच म्हणत होता, पण तो कुजबुजत होता आणि हिने मोठ्याने म्हटले. मला तिच्या डोक्यावर चढवले, कुलूप लावले आणि तिला दोरीने बाजारभर फिरवले. माणसाच्या तोंडाची ऊब मला तेव्हा पहिल्यांदा कळली. तिची जीभ माझ्याखाली पाखरासारखी फडफडत होती. लाळ गळत होती, ती पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. लोक हसत होते. मला ओकता आले असते तर मी तिथेच ओकले असते.

त्या गर्दीत एक माणूस उभा होता. अंगात लंडनचा तांबडा कोट, बोटांना शाई. तो जाइल्स वेदरॉल, नाटककार. मित्रांनो, त्याची ओळख नीट करून घ्या, कारण त्याला जगाने फार मोठा मानला.

जाइल्स याच गावातल्या खोगीरवाल्याचा मुलगा. त्याची थोरली बहीण थॉमसिन त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत फक्त मुलगे जायचे, म्हणून जाइल्स गेला आणि थॉमसिन कातडी खरवडीत घरी राहिली. संध्याकाळी तो धडा म्हणू लागला, की ती कातड्यावरून हात न उचलता ऐकायची, आणि तो अडखळला की पुढचे वाक्य तीच सांगायची. त्याच्या जुन्या पाटीवर ती अक्षरेही शिकली. जाइल्स एकोणिसाव्या वर्षी लंडनला पळाला, नाटकमंडळीत शिरला आणि लिहू लागला. थॉमसिनचे लग्न पिंपे बनवणाऱ्या डेव्ही सॅगरशी झाले. नवऱ्याच्या घरामागे तिने बिअरची भट्टी घातली. तिची बिअर आणि तिची जीभ, दोन्ही गावात नावाजलेल्या होत्या.

त्या दिवशी मार्जरीचे कुलूप काढल्यावर तिच्या तोंडाला पाण्याची वाटी लावली ती थॉमसिननेच. जाइल्स बहिणीजवळ आला. मला हातात घेऊन उलटसुलट करू लागला.

"काय मजेशीर वस्तू आहे गं."

"तिच्या तोंडात बोट घालून बघ," थॉमसिन म्हणाली. "मजा लाल रंगाची असते ते कळेल."

जाइल्सने खिशातून कागद काढला. "हे वाक्य घेऊ मी?"

"लहानपणापासून माझं सगळंच घेतोस. हेही घे. पण घेतलंस तर नीट जागी वापर."

त्याने ते वाक्य वापरले, पण कुठे ते सांगते. जाइल्सने मुख्य पंच रॉजर क्रेन यांच्याकडून मला मागून घेतले. एल्डरबेकचे नाव लंडनच्या रंगमंचावर गाजेल, असे त्याने सांगितले. क्रेनसाहेब खूष झाले. असे मी लंडनला गेले.

त्याच्या खोलीत मेजावरच्या खिळ्याला मी टांगलेले असे. तो लिहायचा आणि मी पाहायचे. लोक म्हणत, बाईचे मन जाइल्स वेदरॉलइतके कुणी जाणले नाही. कसे जाणले ते मला ठाऊक आहे. मेजाच्या खणात थॉमसिनची पत्रे होती. डेव्ही सॅगर वारला तेव्हा तिने लिहिले होते, 'रोज दोन ताटं मांडते आणि मग एक उचलून ठेवते. उचललेलं ताट जास्त जड लागतं.' जाइल्स मेहुण्याच्या मातीला गेला नाही. नाटक अर्धे राहिले होते. पण ते वाक्य त्याने त्याच दिवशी एका राणीच्या तोंडी घातले आणि वाचून स्वतःच रडला. तीन महिन्यांनी सारे लंडन रडले. लोकांनी टोप्या उडवल्या. पत्र त्याने नंतर शेकोटीत टाकले. उत्तर धाडल्याचे मला आठवत नाही.

आणि ती राणी कोण, तर एक मुलगा. त्या काळी इंग्लंडात रंगमंचावर बाईने पाय ठेवायचा नसे. बाई उभी राहिली तर धर्म बुडेल, लाज जाईल, असे म्हणत. म्हणून कंठ न फुटलेले मुलगे राण्या व्हायचे, विधवा व्हायचे, आया व्हायचे. बाईचे बोलणे चालत होते, फक्त ते पुरुषाने लिहिलेले आणि मुलाने म्हटलेले हवे. तेच बोलणे बाईने स्वतः बाजारात केले, की तिच्यासाठी मी होते.

माझ्यासाठी जाइल्सने जे नाटक लिहिले त्याचे नाव 'बोलकी बायको'. त्यातली बायको नवऱ्याच्या चुका चारचौघांत काढते, मग नवरा तिला मुसके घालतो आणि शेवटी ती गोगलगाय होते. बायकोची भूमिका लॅम्बर्ट नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला दिली होती. तालमीच्या दिवशी जाइल्सने माझ्या आतल्या पट्टीला दुहेरी मखमल शिवून घेतली.

"पोराची जीभ कापली तर उद्याचा खेळ कोण करील?" तो शिंप्याला म्हणाला. "आतून मऊ कर. बाहेरून भयानक दिसू दे."

माझी धार त्याला ठाऊक होती, हे तुम्ही लक्षात ठेवा.

लॅम्बर्ट हुशार होता. त्याने तालमीत विचारले, "मालक, मुसकं काढल्यावर ती काय बोलते?"

"काही नाही. नवऱ्याचे पाय धरते आणि आभार मानते."

"आभार कशाचे?"

"लोक हसतात तिथं, गाढवा. तू फक्त पाय धर."

"आणि ते मजा लाल रंगाची असते, हे वाक्य?"

"ते नवऱ्याला दिलंय. त्याच्या तोंडी जास्त खुलतं."

पहिल्याच खेळाला दोन हजार माणसे लोटली. नवरा मला उंच धरायचा आणि म्हणायचा, "आता बोल, बये. आता बोल." सारे थिएटर ते वाक्य त्याच्याबरोबर ओरडायचे. लॅम्बर्ट माझ्याखाली गुं गुं करायचा आणि हास्याचा लोट यायचा. मखमलीवर त्या पोराच्या जिभेला साधा ओरखडाही येत नव्हता. प्रेक्षकांत बायकाही असत, त्याही हसत. मला मात्र मार्जरीची लाळ आठवायची. एकाच लोखंडाचे दोन अर्थ होते, एक गावात आणि एक लंडनात, आणि दोन्हींची मला सारखीच शिसारी आली.

पाच वर्षे ते नाटक चालले. मग जाइल्स पंचेचाळिशीचा झाला, पुरेसा श्रीमंत झाला आणि बायकोला घेऊन गावी परतला. गावातले सर्वांत मोठे घर त्याने बांधले. मला पेटीत घालून आणले आणि वाचायच्या खोलीत भिंतीवर लावले, पाहुण्यांना दाखवायला. क्रेनसाहेबांनी त्याला पंचांत घेतले. दोघांनी मिळून वेशीबाहेर दगडी कोठार बांधले आणि त्याला होल्टकडून भले मोठे कुलूप करवून घेतले.

पुढची दोन वर्षे वाईट गेली. उन्हाळा आलाच नाही. बार्ली शेतात उभ्या-उभ्या काळी पडली. गावात ओटची लापशी पातळ होत गेली, मग लोक वाटाण्याच्या पिठाची भाकरी खाऊ लागले आणि मग तीही संपली. क्रेनसाहेबांनी देवळात उभे राहून सांगितले, की कोठार रिकामे आहे, धान्य असते तर सर्वांना दिले नसते का? लोकांनी विश्वास ठेवला. मार्जरी पूलची नात त्या हिवाळ्यात चार वर्षांची होती. ती भिंतीचा चुना चाटायची.

थॉमसिनकडे बिअर गाळायला धान्य उरले नव्हते, तरी तळघरात बिअरचे एक पिंप उरले होते. क्रेनसाहेबांनी ते कोठाराच्या राखणदारांसाठी मागवले. तिने ते हातगाडीवर घालून नेले. राखणदाराला पिंप एकट्याला उचलेना, म्हणून त्याने दार उघडून तिला आत घेतले. आत आढ्यापर्यंत पोती रचलेली होती.

ती कोठारातून तडक भावाकडे आली. मी भिंतीवर होते, मी सगळे ऐकले.

"जाइल्स, कोठार भरलेलं आहे."

तो लिहीत होता. लेखणी खाली ठेवली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या डोळ्यांनी. डाव्या हाताच्या पोत्यांवर तुझ्या नावाची जी आणि डब्ल्यू अक्षरं आहेत. ती अक्षरं मी तुझ्याच पाटीवर शिकले."

मग त्याने लेखणी ठेवली. "अगं, हे व्यवहार तुला कळायचे नाहीत. वसंतापर्यंत थांबायचं ठरलंय. तेव्हा जास्त गरज असेल."

"वसंतापर्यंत मार्जरीची नात थांबायची नाही."

"तुझ्या घरी एक पोतं पाठवतो. गुपचूप. कुणाला सांगू नकोस."

"तुझ्या त्या नाटकात राणी होती ना एक, भुकेल्यांसाठी राजासमोर पदर पसरणारी," थॉमसिन म्हणाली. "लोक म्हणे रडले. तू लिहिलंस ना ते?"

"नाटक वेगळं, थॉमसिन."

"वेगळंच दिसतंय. मी शनिवारी बाजारात सांगणार आहे. त्याच्या आत तू दार उघड, म्हणजे मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही."

त्याने दार उघडले नाही. शनिवारी थॉमसिन बाजारातल्या दगडी क्रुसाच्या पायरीवर चढली आणि तिने सांगितले. आरडाओरडा केला नाही. कोठार भरलेले आहे, मी पाहिले, एवढेच. क्रेनसाहेबांचे नाव घेतले आणि भावाचेही घेतले. अर्ध्या तासात तिला नगरभवनात नेले. आरोप असा, की भांडकुदळ बाई आहे, थोरामोठ्यांची बदनामी करते.

ती सभा मी पाहिली नाही, पण जाइल्स घरी येऊन बायकोला जे सांगत होता ते ऐकले. कोठार उघडून पाहा, असे कोणीही म्हणाले नाही. क्रेनसाहेबांनी सर्वांना एकेक करून विचारले. जाइल्सची पाळी आली तेव्हा त्यांनी वेगळाच प्रश्न केला.

"वेदरॉल, ते मुसकं तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे," जाइल्स म्हणाला.

एवढेच तो म्हणाला. ज्याच्या लेखणीतून राण्या पानेच्या पाने बोलत, त्याला सख्ख्या बहिणीसाठी हा एकच शब्द सुचला.

मित्रांनो, यानंतरचे सांगायला मला फार जड जाते. त्याच दुपारी जाइल्सने मला भिंतीवरून काढले. खिडकीजवळ उजेडात बसला. लेखणीला टोक काढायचा छोटा चाकू घेतला आणि माझ्या आतली मखमल उसवू लागला. एकेक टाका. घाई केली नाही. पंचांनी मखमल पाहिली असती तर हसले असते, म्हणाले असते, बहिणीला वाचवतो. एकदा माझी कड त्याच्या बोटाला लागली आणि रक्त आले. त्याने बोट तोंडात धरले. मला वाटले, आता तरी थांबेल. त्याने बोटाला रुमाल गुंडाळला आणि उरलेले टाके काढले. मखमलीची चिंधी शेकोटीत टाकली. मी शिपायांना, गुंडांना, न्यायाधीशांना पाहिले आहे. पण किळस हा शब्द आठवला की मला ती खिडकी आणि ते रुमाल गुंडाळलेले बोटच दिसते.

कुलूप लावायला होल्टला बोलावले.

"थॉमसिन, मला माफ कर," तो पुटपुटला.

"तोंड उघडते, बस," ती म्हणाली. "तुला जास्त दाबावं लागायला नको."

तिला बाजारात दोन तास फिरवले. तिने धडपड केली नाही, म्हणून माझी कड फक्त चालण्याच्या हिसक्यांनी लागत होती, पण दोन तास लागत होती. कुणीतरी ओरडले, "आता बोल, बये. आता बोल." लंडनचे नाटक गावापर्यंत पोचले होते. मग सगळेच ओरडू लागले. पोटात अन्न नसलेली माणसे, ज्यांच्यासाठी ती बोलली तीच माणसे, तिच्या भावाचे वाक्य तिच्या तोंडावर फेकत होती. जाइल्स आपल्या नव्या घराच्या खिडकीत उभा होता. मिरवणूक खालून गेली तेव्हा त्याने पडदा लावला.

मला काढले तेव्हा पाणी घेऊन आली ती एलन होल्ट. वाटीतले पाणी लाल झाले. थॉमसिनची जीभ सुजून तोंडात मावेना. पाच आठवडे तिला शब्द नीट उमटत नव्हता. मला पुन्हा नगरभवनाच्या खुंटीवर टांगले, कुणी पुसलेही नाही.

त्याच महिन्यात लंडनला साथ आली, थिएटरे बंद झाली आणि नाटकमंडळी गावोगाव फिरत एल्डरबेकला पोचली. लोक कुरकुरत होते, मार्जरीच्या नातीला पुरले होते, तेव्हा क्रेनसाहेबांना वाटले, जरा हसतील तर बरे. नगरभवनात दुपारी 'बोलकी बायको' लावायचे ठरले. लॅम्बर्ट आता विशीचा होता, तरी बायकोचे काम अजून तोच करायचा. त्याने मला खुंटीवरून काढले आणि आत बोट घातले.

"मालक, मखमल कुठं गेली?"

"झिजली," जाइल्स म्हणाला.

लॅम्बर्टने बोट उजेडात धरून पाहिले. सुकलेल्या रक्ताचा चुरा लागला होता. तो म्हणाला, "मी हे तोंडात घेणार नाही. नुसतं वरून धरीन."

खेळ सुरू झाला. पुढे बाकांवर पंच आणि त्यांच्या बायका, मागे उभा गाव. लोक हसले, पण जेमतेम. मग तो प्रवेश आला. नवरा झालेल्या नटाने मला उंच धरले. एवढ्यात मागची गर्दी दुभंगली आणि थॉमसिन चालत पुढे आली. कुणाला ढकलले नाही, कुणाकडे पाहिले नाही. ती रंगमंचाच्या फळ्यांवर चढली. त्या फळ्यांवर त्याआधी कोणतीही बाई उभी राहिलेली नव्हती.

तिने नटाच्या हातातून मला घेतले. नटाने मुकाट्याने दिले. तिने मला आपल्या डोक्यावर चढवले, जीभ माझ्याखाली सरकवली, आणि हात मागे नेऊन कुलूप स्वतः दाबले. खट्‌ असा आवाज झाला. मग ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली.

नटाचे वाक्य राहिले होते. ते न म्हणताच तो बाजूला झाला. मागे कुणीतरी सवयीने हसू लागला आणि एकटाच हसतो आहे हे कळल्यावर थांबला. आता ती जवळ होती आणि उजेडात होती. बाजारात लोकांनी तमाशा पाहिला होता. इथे त्यांना ओठांच्या कोपऱ्यात चिरलेली कातडी दिसत होती आणि हनुवटीवरून ओघळणारा थेंब दिसत होता.

"थॉमसिन, पुरे," पुढच्या बाकावरून जाइल्स म्हणाला. "घरी चल."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग उजवा हात उचलला आणि पश्चिमेच्या खिडकीकडे बोट दाखवले. तसेच धरून उभी राहिली.

"काय म्हणतेय ती?" कुणीतरी विचारले.

"मला कळलं काय म्हणतेय," एलन होल्ट म्हणाली. "कोठार त्या बाजूला आहे." तिने नवऱ्याचा दंड धरला. "ते कुलूप तू केलंस. चल, तूच तोड."

आधी बायका बाहेर पडल्या. मार्जरी पूल पुढे होती. मग पुरुष निघाले. क्रेनसाहेब शिपायांना हाका मारीत राहिले, पण शिपायांच्या घरीही चूल पेटलेली नव्हती. रिकाम्या झालेल्या नगरभवनात लॅम्बर्टने किल्ली शोधून आणली आणि माझे कुलूप उघडले. बायकी झगा घातलेल्या त्या मुलाने आपल्या बाहीने थॉमसिनची हनुवटी पुसली.

"त्या नाटकात पाय धरायचो मी," तो म्हणाला. "आजपासून नाही धरणार."

कोठारात दोनशे दहा पोती निघाली. क्रेनसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा बोलावली आणि थॉमसिनला शिक्षा मागितली. कारकून म्हातारा होता, जन्मभर निकाल लिहीत आलेला. त्याने दौत उघडली आणि विचारले, "कोणत्या शब्दासाठी म्हणून लिहू?" मग त्यानेच दौत मिटली. तिने त्या दिवशी एकही शब्द उच्चारला नव्हता, आणि मुसके तर आधीच घातलेले होते.

त्यानंतर मला एल्डरबेकमध्ये कुणी वापरले नाही. जाइल्स वेदरॉल पुढे आठ वर्षे जगला. एकही नाटक पुरे करू शकला नाही. मेजाशी बसायचा, दोन ओळी लिहायचा आणि खोडायचा. दर रविवारी तो थॉमसिनच्या दारात जाऊन उभा राहायचा, असे लोक नगरभवनात बोलत. तिची जीभ तोवर बरी झाली होती. थोडी बोबडी झाली, पण ती गवळ्याशी बोलायची, लॅम्बर्टला पत्रे लिहायची, रस्त्यावरच्या कुत्र्याशीसुद्धा बोलायची. भावाशी बोलली नाही. त्याच्या शेवटच्या आजारात तिने त्याला गरम बिअर पाजली, उशी नीट केली, आणि एक शब्दही दिला नाही.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खोली उबदार आहे, दिवा चांगला आहे. माझ्यासमोर एक छोटी पाटी आहे. 'थोर नाटककार जाइल्स वेदरॉल यांच्या लोकप्रिय विनोदी नाटकात वापरलेले मुसके', असे तिच्यावर लिहिले आहे. लोक येतात, ती वाचतात, काचेजवळ जीभ बाहेर काढून फोटो घेतात आणि पुढे जातात. प्रत्येक वेळी मला पुन्हा तीच किळस येते.

मागच्या महिन्यात एका शाळेची मुले आली होती. एक मुलगी बराच वेळ थांबली. तिने वाकून माझ्या आतली पट्टी पाहिली आणि रखवालदाराला विचारले, "हे खरंच कुणाला घातलं होतं का?"

"घातलं असेल कुणा बाईला," तो म्हणाला.

"तिचं नाव काय?"

"ते कुठं लिहिलेलं नाही, बाळ."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू सांगत असतात, की आम्हांला जपा, घासूनपुसून ठेवा. मला जपले नाही तरी चालेल. पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता तुमच्याजवळ आहे. कधी या खोलीत आलात तर ते त्या पाटीवर लिहा. तिचे नाव थॉमसिन सॅगर. ती बिअर करायची, आणि तिला लिहिता येत होते.